घट्ट लागलेलं दही

माझ्या मावशीच्या बोटांतली जाण गेली ती माझ्यामुळे. चौकशी समितीपुढे मी हे असंच सांगितलं, तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, "डॉक्टर, भावना बाजूला ठेवा आणि क्रमाने सांगा." समितीला मी क्रमाने सांगितलं. इथे भावनेसकट सांगते, कारण ती बाजूला ठेवायला मला कुठे जागाच सापडत नाही.

मी ऋजुता डांगरे. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. रत्नामावशीने मला विट्याला आणलं आणि वाढवलं. मावशी कासारीण. पेठेत तिचं बांगड्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक ओटा, भिंतीवर काचेच्या बांगड्यांच्या माळा आणि पुढ्यात बायकांना बसायला सतरंजी. मोबाइलवर हाताचा फोटो काढा, मापाच्या बांगड्या घरपोच येतील, असं म्हणणारे दोन-तीन जण येऊन गेले, पण मावशीची सतरंजी काही रिकामी राहिली नाही. मावशी माप घेतच नसे. बाईचा हात आपल्या हातात घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं दाबायची, आणि हाडं कुठे सैल होतात ते त्या बोटांना कळायचं. सासू कशी आहे, नणंदेचं जमलं का, अशा चौकशा चालू असतानाच दोन-चारच्या मापाची बांगडी पंजावरून मनगटात गेलेली असायची. लहानपणी मला वाटायचं, मावशीच्या हातात काच मऊ होते.

मी शिकले, पुण्याला एका पोषण-संशोधन संस्थेत लागले, आणि दह्यावर काम करायला लागले. मावशी सगळ्यांना सांगायची, "आमची रुजू डॉक्टर हाय, पण माणसांची न्हाई, दह्याची." पेठेत त्यावर बरंच हसणं व्हायचं.

दह्याची डॉक्टर व्हायचं कारण गंभीर होतं. आपल्याकडे घरटी एकाला तरी ब-बारा जीवनसत्त्व कमी पडतं. हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विसरणं, सारखा थकवा, हे त्याचे प्रताप. हे जीवनसत्त्व ना झाडाला करता येतं ना जनावराला, ते फक्त जीवाणू करतात. आपल्या मोठ्या आतड्यातले जीवाणूही ते करतात, पण ते शोषायची जागा त्याच्या आधी, लहान आतड्याच्या शेवटाला असते. म्हणजे बाजार मागे पडल्यावर माल तयार. मांस-अंडी खाणाऱ्यांना अन्नातून मिळतं. आमच्यासारख्या शाकाहारी घरांची सगळी भिस्त दूध-दह्यावर. त्यातून मावशीसारखं पित्ताचं माणूस असेल तर बघायलाच नको. तिला जळजळ, आंबट ढेकर, पोट फुगणं हे कायमचं, आणि त्यावर रोज सकाळी अनशापोटी एक गोळी, सलग पंधरा वर्षं. अन्नातलं ब-बारा सुटं करायला पोटातलं आम्ल लागतं आणि ती गोळी नेमकं आम्लच मारते. मला हे ठाऊक होतं. गोळी बंद कर म्हणून मी दोनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा सांगायचा कंटाळा केला.

तर आम्ही दह्याच्या जीवाणूत थोडे फेरफार केले. प्रयोगशाळेत त्याचं नाव 'द-नऊ'. तो दुधात वाढताना तीन कामं करायचा. ब-बारा तयार करायचा, फॉलिक आम्ल तयार करायचा, आणि भाकरीतलं लोह अडवून धरणारा घटक फोडून ते लोह मोकळं करायचा. हे विरजण लाल पुडीतून घरोघर वाटलं. गोळ्या खायला लोक विसरतात, दही कुणी विसरत नाही, असा आमचा हिशेब होता. तो बरोबरही निघाला. दोन वर्षांत तालुक्यातल्या बायकांचं रक्त वर आलं, चेहऱ्यांवर तजेला आला. आम्ही सगळे हवेत होतो.

पुडीवर एक सूचना होती: 'जुने विरजण एक महिन्यापेक्षा जास्त चालवू नये. दर महिन्याला नवीन पुडी वापरावी.' ही सूचना लिहिणाऱ्यांत मी होते. ती लिहिताना माझं मलाच हसू यायला हवं होतं. चांगलं लागलेलं विरजण कुठली बाई टाकून देते? संपलं तर शेजारणीकडून वाटीभर आणायचं, तिचं संपलं तर तिला द्यायचं. दिवे लागल्यावर दही मागायचं नाही, हा पेठेतला एकमेव नियम. मी याच पेठेत वाढले, वाटी घेऊन दहा घरं हिंडले, आणि तरी ती सूचना लिहून मोकळी झाले.

मावशीचं विरजण तर प्रसिद्धच झालं. भांडं उपडं केलं तरी दही हलत नसे. आंबटपणा बेताचा, पाणी सुटणं नाही. बांगड्या भरायला आलेली बाई जाताना वाटीभर विरजण घेऊन जायची. वाड्यावस्त्यांवरून आलेल्या बायका डबाच घेऊन यायच्या. मावशीला कोण कौतुक! मीसुद्धा एका परिषदेत तिच्या ओट्याचा फोटो पडद्यावर दाखवला आणि म्हणाले, "आमच्या योजनेचा प्रसार लोक स्वतःच करतायत." जोरात टाळ्या पडल्या.

लोकांचं रक्त बघायला आम्ही नखवाचक काढला होता. शिवणकामाच्या अंगुस्तानासारखी टोपी बोटात घालायची, ती नखातून उजेड सोडते, आणि रक्तात लोह किती, तांबड्या पेशी केवढ्या, हे मोजते. ठीक असेल तर हिरवा दिवा, नसेल तर तांबडा. सुई नाही, दुखणं नाही. हळूहळू तो किराणा दुकानांत आला, शाळांत आला, मुलगी बघायला जाताना पाहुणे खिशातून काढायला लागले. बायका एकमेकींना "बरी आहेस का?" असं विचारायच्या थांबल्या. "दिवा कसला?" एवढंच विचारायच्या.

सुरुवातीला नखवाचकाच्या जोडीला दर सहा महिन्यांनी शिरेतून रक्त घेऊन ब-बाराची तपासणी व्हायची. तिला लोक टाळायचे, माणसं कमी पडायची. दह्यातून ब-बारा मिळतंच आहे, मग तपासायचं कशाला, असा प्रस्ताव मी मांडला. त्यावर पहिली सही माझी आहे.

मागच्या श्रावणात मी विट्याला गेले होते. दुपारची वेळ, ओट्यावर आम्ही दोघीच. मावशी बोटं चोळत बसली होती.

"रुजू, तुला एक इचारू का?"

"विचार की."

"बोटांना मुंग्या येत्यात गं. आन् पायांना तर दोन दिवाळ्या झाल्या. चप्पल निसटली तरी कळत न्हाई. परवा एक चप्पल चौकातच ऱ्हायली आन् मी दुसरी घालून घरला आले." असं म्हणून ती स्वतःच हसायला लागली.

मीही हसले. पिशवीतून नखवाचक काढून तिच्या बोटात घातला. हिरवा दिवा. रक्त तेराच्या वर, पेशी अगदी मापात.

"मावशी, कॉलेजातल्या पोरीसारखं रक्त आहे तुझं. वय होतंय आता. तेल लावून चोळत जा."

"दिवा हिरवा म्हंजी काय न्हाई न्हवं?"

"काही नाही."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली. उठताना तिने भिंतीचा आधार घेतला, तो मी पाहिला होता.

ब-बारा कमी पडलं की दोन गोष्टी बिघडतात. एक रक्त, दुसरी नसा. रक्तातल्या पेशी मोठ्या आणि कमी होतात, आणि नसांवरचं आवरण झिजत जातं. आता फॉलिक आम्ल भरपूर मिळालं, तर ते रक्ताचं काम सावरून घेतं. पेशी पुन्हा मापात येतात, चेहरा टवटवीत दिसतो. नसांना मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही. त्या झिजतच राहतात, आणि रक्त बघणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. हे वैद्यकाच्या जुन्यात जुन्या पुस्तकात आहे. मी परीक्षेत यावर उत्तर लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. पण आमचं दही दोन्ही तयार करत होतं ना! मग शंका यायचं कारणच काय?

फेब्रुवारीत शेजारच्या शैलावहिनींच्या सुनेचं, तेजलचं, डोहाळजेवण होतं. मी मुद्दाम आले होते. पाटावर तेजल, भोवती वीस-पंचवीस बायका, आणि हिरवा चुडा भरायला अर्थातच मावशी. पहिल्या दोन बांगड्या गेल्या. तिसरी अंगठ्याच्या हाडाशी अडली. मावशीने दाबली. मग आणखी दाबली. कट् असा आवाज झाला आणि तेजल किंचाळली.

"काकू, थांबा! अहो, थांबा!" शैलावहिनी ओरडल्या.

मावशी थांबली नाही. ती फुटलेली बांगडी तशीच पुढे सारत होती. तिच्या बोटांना ती फुटल्याचं समजलंच नव्हतं. मी तिचा हात धरला तेव्हा तिने खाली पाहिलं. तेजलच्या हातावर रक्त होतं, मावशीच्या दोन बोटांत काच रुतली होती, आणि ती माझ्याकडे बघून विचारत होती, "कुणाचं गं हे?"

बांगडी फुटली असं आमच्यात कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. त्या दिवशी तेवढंही कुणी म्हणालं नाही. तेजलच्या हाताला दोन टाके पडले. शैलावहिनी चांगल्या स्वभावाच्या, त्या मावशीला काही बोलल्या नाहीत. पण पोटुशी सून, हिरवा चुडा आणि रक्त! ही बातमी पेठभर व्हायला दुपारही लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून सतरंजीवर कुणी बसेना. मावशीने स्वतःच दुकानाची फळी लावून घेतली आणि मला म्हणाली, "कंटाळा आला बाई त्या कटकटीचा." चाळीस वर्षांत तिला कधी कंटाळा आला नव्हता.

मी पुण्याला परतताना तिच्या विरजणाची वाटी बरोबर घेतली. मावशीच्या बोटांचा आणि दह्याचा संबंध मला तेव्हाही सुचला नव्हता. बाहेरून काही शास्त्रज्ञ भेटीला येणार होते, त्यांना सहा वर्षं हातोहात चालत आलेलं विरजण दाखवून मिरवायचं होतं. रीत म्हणून त्याची जनुकं वाचायला यंत्रात घातली.

निकाल पाहिला तेव्हा वाटलं, वाट्यांची अदलाबदल झाली. पुन्हा घातलं. तेच. ब-बारा बनवायला लागणाऱ्या जनुकांचा अख्खा पट्टा गायब होता. फॉलिक आम्लाची आणि लोहाची जनुकं जागच्या जागी.

कारण समजायला पाच मिनिटंही लागली नाहीत. ब-बारा बनवणं हे जीवाणूला जड काम, त्याला वीस-पंचवीस जनुकं राबवावी लागतात. एखाद्याच्या हातून तो पट्टा गळून पडला की तो हलका होतो, भराभर वाढतो, दही लवकर आणि घट्ट लागतं. पुढचं काम बायकांनी केलं. त्यांनी विरजणासाठी दर वेळी सगळ्यात घट्ट, सगळ्यात गोड दही निवडलं. म्हणजे सगळ्यात आळशी जीवाणू निवडला. गचाळ, पातळ लागलेलं दही कढीत गेलं, आणि खरं औषध त्यातच होतं. मावशीचं विरजण इतकं नामी का, याचं उत्तर माझ्यापुढे पडद्यावर होतं. त्याच रात्री मी विट्याची गाडी धरली.

दुसऱ्या दिवशी मावशीला नसांच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्तात ब-बारा जवळजवळ नव्हतंच. डॉक्टरांनी तिच्या पायाच्या अंगठ्याला कंप देणारा काटा लावला, मावशीला काही जाणवलं नाही. डोळे मिटून उभं राहायला सांगितलं, तर ती माझ्या अंगावर कलली. लगेच इंजेक्शन सुरू झालं.

"पाय सुधारतील थोडे," डॉक्टर म्हणाले. "हातांचं सांगता येत नाही. त्रास कधीपासून होतोय, त्यावर आहे. कधी सुरू झालं, आजी?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. ती पाचवी शिकलेली असली तरी माणसं ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. माझ्या तोंडावर काय होतं ते तिला दिसलं असणार.

"झाला असंल महिना-दीड महिना," ती म्हणाली.

मी बोलायला हवं होतं. दोन दिवाळ्यांपासून, श्रावणात तिने मला सांगितलं होतं, मी हसण्यावारी नेलं, एवढंच. तोंड उघडलंही होतं मी. पण तपासणी बंद करायच्या प्रस्तावावरची सही डोळ्यांपुढे आली, वर्तमानपत्रं आली, 'शास्त्रज्ञाच्या घरातच' असा मथळा आला, आणि मी तोंड मिटलं. डॉक्टरांनी 'दीड महिना' लिहून घेतलं. बाहेर आल्यावर मावशीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या हाताला माझी पाठ समजत होती की नाही, कोण जाणे.

तो दीड महिन्याचा आकडा तसाच संस्थेत गेला. आमचे संचालक देवस्थळी सर हुशार आणि सरळ माणूस. जनुकांचा निकाल मी त्यांच्यापुढे ठेवला, तारीख मात्र डॉक्टरांच्या कागदावरचीच ठेवली. विरजण कधी बिघडलं हे ठरवायला आमच्याकडे दुसरा पुरावा नव्हता, घरच्या दह्याचे जुने नमुने कुणी ठेवलेच नव्हते. सरांनी हिशेब मांडला. सगळ्यात आधी झळ लागलेल्या बाईचा त्रास दीड महिन्याचा, त्याआधी अंगातला साठा संपायला लागलेले महिने धरले, तरी बिघाड फार तर वर्षाचा. तेव्हा वर्षभरात मावशीकडून ज्यांनी विरजण नेलं, तेवढीच घरं तपासायची. दारोदार विचारून विट्यातली दोनशे बारा घरं निघाली. आमची माणसं घरोघर गेली, जुनं दही ओतून टाकलं, रक्त घेतलं. एकतीस जणींना ब-बारा कमी निघालं, सगळ्यांना इंजेक्शन दिलं, सगळ्या सावरल्या. संस्थेने मला अभिनंदनाचं पत्र दिलं. ते मी घेतलं.

वर्षाच्या मागचं काय? हा प्रश्न मला पडत नव्हता असं नाही. रोज पडायचा. आज सांगू, उद्या सांगू, करत मी दिवस काढले. कुठे काही असेल तर कळेलच, असंही मनाला सांगून ठेवलं होतं.

जूनमध्ये विट्याला गेले. मावशीचे पाय बरेच सुधारले होते, बोटं तशीच होती. तिने गरम तवा उचलू नये म्हणून शैलावहिनी येऊन भाकरी थापून जायच्या. त्या दिवशी मावशी शेंगा सोलत होती, डोळे शेंगांवर रोखून, कारण बघितल्याशिवाय दाणा चिमटीत आहे की पडला हे तिला समजत नव्हतं. मी अभिनंदनाच्या पत्राचं सांगितलं. तिला बरं वाटलं.

"पांढरवाडीला कवा गेलतीस?" तिने सहज विचारलं.

"कुठे?"

"पांढरवाडी, मोरकुंड, ती वरची वस्ती. तिकडच्या बायका तर दोन-तीन वरसांमागंच विरजण घेऊन गेल्यात माझ्याकडनं, तवापासनं त्येच चालवत्यात. त्यांचं बी रगत बघितलंसा न्हवं?"

मी तिच्यापुढची एक शेंग उचलून सोलायला लागले. मावशीने शेंग खाली ठेवली.

"न्हाई बघितलं? का गं?"

मग मी सगळं सांगितलं. सरांचा हिशेब, दीड महिना, वर्षाची हद्द. डॉक्टरांच्या कागदावरच्या एका आकड्यावरून कुठली घरं बघायची ते ठरलं, हे तिला माहीतच नव्हतं. माहीत असायचं कारण नव्हतं. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला. मला इतक्या वर्षांत ती रागावलेली पुष्कळदा दिसली होती, पण हा राग मी पाहिलेला नव्हता.

"मी खोटं बोलले ते तुझी मावशी म्हणून बोलले," ती म्हणाली. "तू गप बसलीस ते कोण म्हणून?"

तिने शेंगा बाजूला सारल्या.

"फोन लाव तुझ्या सायबाला. हितंच. माझ्यासमोर."

मी लावला. देवस्थळी सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "ऋजुता, तीन महिने? तुला माहीत होतं आणि तू तीन महिने..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "गाडी पाठवतो. कुठली घरं, त्याची यादी कर. उद्या बोलू तुझ्याबद्दल."

यादी कुठे होती? कुठेच नव्हती. तीन वर्षांत कुणी किती वाट्या नेल्या हे कुणी लिहून ठेवतं का? मी वही घेऊन हताश बसले होते. मावशीने डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली.

"पांढरवाडीची कमल. दोन-सहा. डाव्या अंगठ्याचं हाड वर आल्यालं. तिची जाऊ, दोन-आठ, हात कडक, साबणाबिगर जात न्हाई. मोरकुंडाची सरपंचीण, दोन-चार, नाजूक हाय, पण गडबड लई. तिच्या म्होरल्या घरातली ती मास्तरीण, दोन-सहा, घाम येतो हाताला..."

नावं कधी अडत होती, पण हात एकही अडला नाही. ज्या बायांनी तिच्याकडून विरजण नेलं, त्या सगळ्यांचे हात तिने कधी ना कधी हातात घेतले होते आणि ते तिच्या लक्षात होते. दुपार सरेपर्यंत वहीत एकशे अठरा बायका झाल्या. मध्ये एकदा मी रडायला लागले, तर ती म्हणाली, "मागनं रड. लिही आधी." ही यादी मार्चमध्येही तिच्याजवळ होती. तेव्हा विचारलं असतं तर तेव्हाही तिने अशीच सांगितली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पांढरवाडीला गेलो. मावशी हट्टाने गाडीत बसली होती. कमलचं घर वस्तीच्या टोकाला, दार उघडंच होतं.

"कमल, हाय का गं घरात? विट्याची कासारीण आलीया!"

"अगं बया, मावशी! या की, आत या. आले, आले."

आले म्हणाली खरी, पण येईना. आतून काहीतरी घासल्यासारखा आवाज येत राहिला. मग ती दिसली. पंचेचाळिशीची बाई, गाल लालबुंद, तब्येत दृष्ट लागण्यासारखी. एक हात भिंतीला टेकवून, नजर आपल्याच पायांवर ठेवून ती एकेक पाऊल टाकत होती, कारण पाय कुठे पडतोय हे पाहिल्याशिवाय तिला कळत नव्हतं. चुलीपासून दारापर्यंत भिंतीवर हाताच्या उंचीला तेलकट, काळपट पट्टा उमटला होता.

"बसा की. दही देऊ का वाईच? तुमचंच हाय अजून, मोडलं न्हाई मी," ती दमून खाली बसत म्हणाली. मग आमचे चेहरे बघून तिला वाटलं, आपली काळजी करतायत. तिने घाईघाईने फडताळातून नखवाचक काढून बोटात घातला. "काय न्हाई हो झालं मला. ह्ये बघा, दिवा हिरवा हाय."

मावशीने तिचा डावा हात आपल्या हातात घेतला. अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं दाबली, सवयीने. मग तो हात तसाच धरून ठेवला.

"कवापासनं गं हे, कमल?"

"लई दिस न्हाई झालं. पाडव्याला की मीच गुढी उभारली, स्टुलावर चढून. ह्यांनी बघितलंय. त्याच्या मागनं पायाला काय झालं कुणास ठाऊक."

मी वही उघडी ठेवून बसले होते. पेन हातात होतं.

"लिही," मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली.

मी कमलच्या नावापुढे 'गुढीपाडव्यानंतर' असं लिहिलं. त्या पाडव्याला मला गप्प बसून तीन आठवडे झाले होते.